सीमेपलीकडचे सरावपाठ

मराठीत ‘परदेश’ या शब्दाने आज समुद्रापलीकडचा मुलूख सुचविला जातो. पूर्वी हा शब्द इतका दूर जात नसे. उत्तर हिंदुस्थानातून येऊन महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या लोकांना ‘परदेशी’ म्हणत, आणि कित्येक घराण्यांचे ते आडनावच होऊन बसले. जेथे गेल्यावर आपली बोली, आपले सणवार आणि आपले कागदपत्र अपुरे पडू लागतात तो परदेश, असा त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ होता. या अर्थाने पाहिल्यास बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी भाषकांना परदेश फार जवळ आहे. बिदरहून निघालेली आगगाडी भालकी आणि कमलनगर मागे टाकून उदगीरला येते, तेवढ्या अवधीत राज्य बदलते, कचेरीची भाषा बदलते, शाळेतील क्रमिक पुस्तके बदलतात. घरातली बोली मात्र दोन्हीकडे पुष्कळशी तीच राहते. शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणाने अध्यापनाचा सराव अशा परक्या मुलखात जाऊन पुरा करणे म्हणजे काय, आणि त्यातून त्याला काय मिळावयास हवे, याचा विचार या भागाच्या दृष्टीने अगत्याचा आहे.

अध्यापनाचा सराव ही शिक्षकाची उमेदवारी होय. सुताराचा मुलगा बापाजवळ बसून रंधा धरावयास शिकतो, वैद्यकाचा विद्यार्थी रुग्णाच्या खाटेशी उभा राहून नाडी पाहावयास शिकतो. तद्वत छात्राध्यापक खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर उभा राहतो. तो पाठाचे टाचण काढतो, ते मार्गदर्शकाला दाखवितो आणि मग वर्गावर जातो. मागच्या बाकावर बसलेले प्राध्यापक व सहाध्यायी निरीक्षणाच्या वहीत आपले अभिप्राय नोंदवितात. टाचणाची जुनी रीत जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या अनुयायांनी घालून दिली. प्रस्तावना, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या तिच्या पाच पायऱ्या आपल्याकडील शिक्षकांच्या अनेक पिढ्यांना मुखोद्गत आहेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवे नियम केले. त्यांनुसार बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेत राहून करावयाच्या सरावासाठी २० आठवडे ठरले; त्यांपैकी ४ पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी. पूर्वी नेमलेले पाठ दिले म्हणजे सराव संपे. आता परिपाठापासून पालकसभेपर्यंत शाळेचे सर्व जीवन छात्राध्यापकाने अनुभवावे, अशी अपेक्षा असते.

ही उमेदवारी घरापासून दूर जाऊन करावी, हा विचार जुना आहे. जर्मनीतील कारागिरांमध्ये अशी रूढी होती, आणि थोड्या प्रमाणात ती आजही पाळली जाते, की शिकाऊपण संपलेल्या तरुणाने तीन वर्षे आणि एक दिवस आपल्या गावाबाहेर हिंडावे व निरनिराळ्या उस्तादांच्या हाताखाली काम करावे. शिक्षकांच्या बाबतीत अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने १९७० नंतरच्या दशकात अशी योजना सुरू केली. तेथील छात्राध्यापक प्रथम आपल्या राज्यातील सराव पुरा करतात आणि मग काही आठवडे दुसऱ्या देशातील शाळेत शिकवितात. यजमान देशांत भारताचेही नाव आहे. हे विद्यार्थी शक्यतो स्थानिक कुटुंबात राहतात. जाण्यापूर्वी त्यांना त्या देशाचा अभ्यास करावा लागतो. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या ‘इरॅस्मस’ योजनेनेही विद्यार्थ्यांना एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन शिकण्याची वाट खुली केली. या योजनांमागील हेतू एकच आहे. ज्या गोष्टी आपल्याला स्वयंसिद्ध वाटतात त्या वस्तुतः आपल्या गावच्या रीती असतात, हे शिक्षकाला दुसऱ्या गावी गेल्यावाचून उमगत नाही.

बिदरच्या भूमीला हा विचार नवा नाही. इराणच्या गिलान प्रांतातून महमूद गवान १४५३ च्या सुमारास बिदरला आला. पुढे बहमनी राज्याचा तो मुख्य मंत्री झाला आणि १४७२ साली त्याने बिदरमध्ये एक मोठा मदरसा बांधला. विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या निवासाची सोय असलेली ही तीन मजली वास्तू इराणी पद्धतीची असून तिच्या दर्शनी भागावर रंगीत फरशांचे काम होते. दूरदूरच्या देशांतील विद्वान येथे येऊन शिकवीत. १६९६ साली दारूच्या स्फोटाने तिचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. तथापि उरलेला मनोरा आणि भिंती आजही पाहावयास मिळतात. परक्या मुलखातून येऊन शिकविणे हा या गावाचा पाच शतकांपूर्वीचा परिपाठ होता.

सध्याची सीमा मात्र त्या मानाने कालची आहे. निजामाच्या राजवटीत आणि नंतरही १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू असे तिन्ही भाषांचे तालुके एकत्र नांदत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले व पुढे १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्याचे भाग झाले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. गुलबर्गा जिल्हाही तिकडेच गेला; त्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले आहे. रेषा कोठेही ओढली असती तरी तिच्या दोन्ही अंगांना दुसऱ्या भाषेची माणसे राहणारच होती. म्हणूनच त्याच वर्षी झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते कलम राज्यांना सांगते. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या मराठी शाळा, तशाच अक्कलकोट, दक्षिण सोलापूर व जत या बाजूच्या कन्नड शाळा, हा त्या तत्त्वाचा प्रत्यक्ष आविष्कार होय.

अशा शाळांना शिक्षक हवेत आणि येथूनच छात्राध्यापकाच्या प्रवासाला आरंभ होतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या बिदरकडील तरुणाला पुढील शिक्षण मराठीतून घ्यावयाचे तर उदगीर, लातूर, उमरगा, सोलापूर ही गावे जवळची. तेथे त्याच्या घरच्यांच्या सोयरिकीही असतात. तो तेथील अध्यापक महाविद्यालयात जातो, तेथीलच शाळांत सराव करतो आणि पुष्कळदा परत येऊन आपल्या जिल्ह्यात नोकरी शोधतो. या येण्याजाण्यात एक अडचण दडलेली असते. महाराष्ट्रात तो ‘बालभारती’ची पुस्तके हाती घेऊन पाठ देतो. पुण्याची ही संस्था १९६७ साली स्थापन झाली. परतल्यावर त्याच्या हाती जे मराठी पुस्तक येते ते कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाने काढलेले असते. महाराष्ट्रातील चौथीचे मूल शिवछत्रपतींचे चरित्र वाचते. कर्नाटकातील मराठी शाळेतल्या मुलाला कदंब, चालुक्य आणि होयसळ यांचा इतिहासही शिकावा लागतो. एका पुस्तकावर केलेली टाचणे दुसऱ्या पुस्तकाला चालत नाहीत. ज्याने टाचणे पाठ केली त्याचा सराव तेथेच संपला. ज्याने मूल समजून घेतले त्याचा सराव मात्र दोन्हीकडे उपयोगी पडतो.

मूल समजून घेणे म्हणजे काय, हे काही उदाहरणांनी पाहू. पहिलीदुसरीच्या वर्गात शिक्षकाने ‘पंचवीस’ म्हटले आणि एखाद्या मुलाने पाटीवर ५२ लिहिले, तर त्याला मंद म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या मुलाचे ऐकणे चुकलेले नसते. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी येतात आणि वीस मागाहून. त्याने जसे ऐकले तसे लिहिले. कन्नडमध्ये याच संख्येला ‘इप्पत्तैदु’ म्हणतात. तेथे वीस आधी आणि पाच नंतर, म्हणजे बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम एकच. एकोणतीसची गोष्ट आणखी अवघड. मराठीत तीसला एक कमी असा हिशेब करून ती संख्या तयार होते. कन्नडमध्ये ती सरळ वीस आणि नऊ अशी ‘इप्पत्तोंबत्तु’ असते. घरी कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत आले आणि ‘एकोणतीस’ ऐकून त्याने ३९ लिहिले, तर त्यात नवल काय? जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक नंतर बोलतात, त्यामुळे ही पंचाईत केवळ मराठी मुलांचीच आहे असे नाही. २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ या प्रचलित रूपाबरोबर ‘वीस एक’ असेही रूप दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. दक्षिणेतील भाषांमध्ये संख्यावाचनाची हीच सरळ रीत आहे, असे त्या बदलाच्या समर्थनार्थ सांगण्यात आले होते. वाद ज्याचा त्याला लखलाभ. पण सीमेवरील शाळेत काही आठवडे काढलेल्या छात्राध्यापकाला त्यातील मर्म पुस्तकावाचून कळलेले असते.

लिंगाचेही तसेच. मराठीत माझा भाऊ, माझी बहीण आणि माझे पुस्तक असे तीन प्रकार करावे लागतात. कन्नडमध्ये ‘नन्न तम्म’, ‘नन्न तंगी’ आणि ‘नन्न पुस्तक’. ‘नन्न’ हा शब्द जागचा हलत नाही. शिवाय कन्नडमध्ये पुरुष पुल्लिंगी, स्त्रिया स्त्रीलिंगी आणि बाकीच्या साऱ्या वस्तू नपुंसकलिंगी असा सुटसुटीत न्याय आहे. दगड पुल्लिंगी, वीट स्त्रीलिंगी आणि पान नपुंसकलिंगी का, या प्रश्नाला मराठी शिक्षकाजवळ रूढीवाचून उत्तर नाही. म्हणून कन्नड घरातील मूल ‘माझा पुस्तक’ म्हणाले तर ती बेपर्वाई नव्हे, ते आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळत असते. बोलीतील कन्नडमध्ये महाप्राण वर्ण पुष्कळदा अल्पप्राण होतात, यास्तव ‘खडू’ मागणाऱ्या मुलाच्या तोंडून ‘कडू’ असा शब्द निघतो. उलट मराठी मुलाला कन्नड शिकताना ऱ्हस्व आणि दीर्घ ओकार वेगळे ऐकू येत नाहीत. ‘कोडु’ हा शब्द ऱ्हस्व ओकाराने उच्चारला तर ‘दे’ असा अर्थ होतो, आणि दीर्घ ओकाराने उच्चारला तर ‘शिंग’!

परके शब्द त्रास देतात त्याहून ओळखीचे शब्द अधिक फसवितात. ‘अवसर’ म्हणजे मराठीत संधी, कन्नडमध्ये घाई. ‘उपन्यास’ म्हणजे हिंदीत कादंबरी, कन्नडमध्ये व्याख्यान. ‘कादंबरी’ हा शब्द मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत एकाच अर्थाने नांदतो. मराठी ‘शिक्षा’ आणि कन्नड ‘शिक्षे’ या दोहोंचा अर्थ दंड, आणि हिंदी ‘शिक्षा’ म्हणजे विद्या. एकाच वर्गात तीन भाषा शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यात हे सारे एकदम वावरत असते. त्याच्या प्रत्येक चुकीखाली दुसऱ्या एखाद्या भाषेतील बरोबर उत्तर दडलेले असण्याचा संभव असतो. ते शोधून काढणे हेच सीमेवरील शिक्षकाचे खरे कौशल्य होय, आणि सरावाच्या आठवड्यांत ते अंगी बाणले तरच सराव पुरा झाला असे म्हणता येईल.

यासाठी काय करावे? पहिल्या आठवड्यात शिकविण्याची घाई करू नये. वर्गात बसून ऐकावे. कोणते मूल घरी कोणती भाषा बोलते, मधल्या सुटीत कोणती बोलते आणि रागावल्यावर कोणती बोलते, याची नोंद ठेवावी. पाठाच्या टाचणाबरोबर चुकांची एक स्वतंत्र वही असावी. चूक, ती करणाऱ्याची घरची भाषा आणि तिचे संभाव्य कारण असे तीन रकाने पुरेत. महाविद्यालय सोडताना गुणपत्रक सर्वांनाच मिळते. ही वही ज्याची त्यालाच मिळवावी लागते. शक्य असल्यास महाविद्यालयाच्या अनुमतीने सरावाचा काही भाग आपल्या जिल्ह्यातील मराठी शाळेत करावा. तसे न जमल्यास दोन्ही राज्यांच्या सुट्यांतील फरक कामी येतो. कर्नाटकातील शाळा साधारणपणे मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडतात, महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर. कर्नाटकात सहामाही सुटी दसऱ्याची, महाराष्ट्रात दिवाळीची. म्हणजे उदगीरला शिकणाऱ्या भालकीच्या विद्यार्थ्याला दिवाळीच्या सुटीत सण उरकल्यावर आपल्या गावची शाळा भरलेली सापडते. तेथील मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठवडाभर वर्गात बसले, तर दोन पुस्तकांतील आणि दोन पद्धतींतील अंतर डोळ्यांनी पाहता येते.

कचेरीची भाषाही शिकून घ्यावी लागते. महाराष्ट्रातील गटशिक्षणाधिकारी कर्नाटकात ‘क्षेत्र शिक्षणाधिकारी’ होतात आणि मुख्याध्यापक ‘मुख्योपाध्यायरु’. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समिती असते, कर्नाटकात तिला शाळेची अभिवृद्धी आणि देखरेख करणारी समिती म्हणतात. हजेरी मात्र तिकडे ‘हाजरी’ या नावाने ओळख ठेवून आहे. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांना ही सीमा कधी लागलीच नाही. पदवी देशभर चालत असली तरी शिक्षक पात्रता परीक्षा प्रत्येक राज्य आपली वेगळी घेते, आणि कर्नाटकातील शासकीय सेवेत कन्नडवाचून निभाव लागत नाही. कन्नड भाषा अध्ययन कायदा २०१५ सालचा आहे. त्यानुसार तेथील शाळांतून कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकविली जाते. महाराष्ट्रानेही २०२० साली शाळांतून मराठी सक्तीची करणारा कायदा केला. दोन्ही राज्यांनी आपापल्या भाषेसाठी जे केले ते एकसारखेच आहे. सीमेवरच्या मुलाला त्यामुळे दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत, आणि त्याला शिकविणाऱ्याला तर त्या आधी आल्या पाहिजेत.

येथे खरा प्रश्न मुलांच्या भवितव्याचा आहे. मराठी शाळेत शिकलेल्या बिदरच्या मुलाला जमिनीचा उतारा हवा असो, बँकेचे कर्ज हवे असो वा पोलीस ठाण्यात तक्रार द्यावयाची असो, व्यवहार कन्नडमध्ये होतो. केवळ मराठी जाणणारा शिक्षक त्याला घराशी बांधून ठेवतो. केवळ कन्नड जाणणारा शिक्षक त्याला घरापासून तोडतो. दोन्ही भाषांत सहज वावरणारा शिक्षक मिळाला नाही, की आईबाप मुलाला दूरच्या इंग्रजी शाळेत घालतात, गावच्या शाळेचा पट घटतो आणि शेवटी वर्ग जोडले जातात. शाळा टिकविण्याची मागणी सभांतून होते. पण शाळा टिकते ती वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकामुळे.

परमुलखात गेलेल्या छात्राध्यापकाला सप्टेंबर महिन्यात एक अनुभव हमखास येतो. १७ सप्टेंबर रोजी मराठवाड्यातील शाळांत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. त्याच दिवशी सकाळी कलबुर्गी आणि बिदर येथेही ध्वज चढतो. तेथे हा दिवस पूर्वी विमोचन दिन म्हणून पाळला जाई, २०१९ पासून त्याला कल्याण कर्नाटक उत्सव म्हणतात. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले त्याचीच ही दोन स्मरणे. नावे निराळी, दिवस एक, आणि त्यासाठी सोसलेले कष्टही एकच.

त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात शिक्षकच होते. व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. त्यांचा जन्म १९०३ साली कन्नड मुलखात झाला. पुढे ते मराठवाड्यात आले आणि हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत व नंतर अंबाजोगाईला योगेश्वरीच्या शाळेत त्यांनी मुलांना शिकविले. १९५२ साली गुलबर्ग्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठविले, १९५७ साली औरंगाबादच्या मतदारांनी. दोन्ही भाषांच्या लोकांनी त्यांना आपले मानले. १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव दिले आहे, आणि उदगीर, लातूरची महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. भालकीचा एखादा तरुण उदगीरला सरावपाठ पुरे करून पदवी घेतो, तेव्हा त्याच्या प्रमाणपत्राच्या माथ्यावर सीमेपलीकडून आलेल्या एका मास्तरांचे नाव असते. ते नाव त्याने एकदा नीट वाचावे आणि मग आपली चुकांची वही घेऊन गावच्या शाळेत रुजू व्हावे.